एक माप जास्त

पावसाळा सरता सरता घाटाखालचा पूल खचला आणि डिझेलची गाडी लांबच्या वाटेने यायला लागली. पस्तीसला मिळणारं लिटर पन्नासवर गेलं. वस्तीत त्याची झळ पहिल्यांदा बसली ती इंजिनवाल्याच्या घराला.

सरकारी वीज त्या वस्तीपर्यंत आलेलीच नव्हती. अठरा वर्षांपूर्वी इंजिनवाल्याने जुनं डिझेल इंजिन घेतलं, त्याला पट्ट्यावर डायनॅमो जोडला आणि पंचवीस ठिकाणी तार नेली. रोज दिवस मावळताना इंजिन सुरू व्हायचं आणि चार तासांनी थांबायचं. दर एकच. एक दिवा लावा नाहीतर चार लावा, महिन्याला चारशे. हिशेब सोपा, म्हणून भांडणही नव्हतं.

डिझेल महागलं तेव्हा त्याने दोन महिने कळ काढली. तिसऱ्या महिन्यात दुकानाच्या कट्ट्यावर उभं राहून सांगितलं, "एक तारखेपासून सहाशे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदार आणि सुतार दोघेही शेडवर आले. इंजिनवाला तेव्हा इंजिन थंड ठेवणाऱ्या पिंपातलं गरम पाणी बदलत होता. बाह्या वर केलेल्या, उजव्या मनगटावर जुनी गाठ. इंजिन फिरवताना एकदा हँडल उलटं बसलं होतं, त्याची ती खूण.

"काका, वस्तीचं ठरलंय," दुकानदार म्हणाला. "चारशेच्या वर कोणी देणार नाही."

"डिझेल काय मी पिकवतो का?"

"तसं नाही. पण दोनशे एकदम? पुलाच्या नावावर तुम्ही हात धुऊन घेताय, असं लोक बोलतायत."

"लोक म्हणजे कोण?"

सुतार पायाने जमिनीवरचा खडा सरकवत होता. तो म्हणाला, "आता नावं कशाला? सगळेच बोलतात."

इंजिनवाल्याने हातातली बादली खाली ठेवली. त्याला काहीतरी जोरात बोलायचं होतं. इंजिनाजवळ अठरा वर्षं काढून त्याला एरवीही ओरडूनच बोलायची सवय होती. पण "चोर म्हणता काय मला," एवढंच हळू आवाजात निघालं. ते दोघे निघून गेले.

त्याची सून दारात उभी राहून ऐकत होती. लग्नाआधी ती माहेरी दूध केंद्रावर मापं घालायची. कुणाचं दूध किती, त्यात पाणी किती, हे तिथे नुसतं बघून सांगून भागत नसे. मोजून दाखवावं लागे, आणि समोरचा तावातावाने आला तरी मोजलेलं बघून गप्प बसे.

दुपारी जेवायला बसल्यावर तिने विचारलं, "बाबा, सहाशे कसे काढले?"

"कसे म्हणजे? परवडायला नको?"

"पण सहाशेच का? साडेपाचशे का नाही? सातशे का नाही?"

इंजिनवाल्याने घास हातात धरून तिच्याकडे पाहिलं. "तू पण त्यांच्याच बाजूची का?"

"मी आपल्याच बाजूची आहे. पण कोणी हाच प्रश्न चारचौघांत विचारला तर काय सांगायचं?"

सासूने भांडं वाजवून खाली ठेवलं. "जेवू दे गं त्यांना."

सुनेचा नवरा मान खाली घालून जेवत होता. तारा ओढणं, फ्यूज बांधणं, पैसे गोळा करणं ही कामं त्याच्याकडे. दारोदार फिरून ऐकून घ्यायची पाळीही त्याचीच. तो म्हणाला, "बाबा, तिला बघू दे की. नाहीतरी एक तारखेला मला कोणी दारात उभं करणार नाहीये."

इंजिनवाल्याने होकार दिला नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेने दुधाचं छोटं माप घासूनपुसून शेडमध्ये आणलं, तेव्हा त्याने तिला हाकललंही नाही.

दहा मापं म्हणजे एक लिटर. तिची पद्धत साधी होती. डिझेलची टाकी काठोकाठ भरायची, इंजिन तासभर चालवायचं, बंद करायचं आणि मग टाकी पुन्हा काठाला लागेपर्यंत मापाने डिझेल ओतायचं. जितकी मापं लागतील तितकं इंजिन प्यायलं.

पहिल्या दिवशी तिने सगळ्या तारा सोडवून ठेवायला लावल्या.

"अगं, दिवा नाही काही नाही, नुसतंच इंजिन चालवायचं?" नवरा म्हणाला. "एवढं डिझेल पन्नास रु—"

"नुसतंच चालवायचं. फुकटचं किती पितं ते तरी कळेल."

इंजिनवाल्याने दट्ट्यावरचा दाब सोडणारी खिट्टी वर केली, वाकून हँडल फिरवलं, वेग आल्यावर खिट्टी सोडली. इंजिनाने दोनदा खाकरून काळा धूर टाकला आणि सूर धरला. तासाभराने बंद केलं. सुनेने मापं ओतली. चार, पाच, सहा. सहाव्याला टाकी काठाला आली.

"सहा!" नवऱ्याचा विश्वास बसेना. "एकही दिवा नसताना?"

"स्वतःला फिरवायला त्याला खायला लागतंच की," इंजिनवाला म्हणाला. त्याला ते माहीत होतं. पण किती, ते अठरा वर्षांत त्यानेही कधी मोजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसासाठी दिवे हवे होते. वस्तीत सगळीकडे साठ वॅटचे दिवे. सून दुकानदाराकडे गेली आणि वीस दिवे तात्पुरते मागितले.

"तात्पुरते? दिवे काय पाहुणे आहेत?" दुकानदार म्हणाला. "एक जरी फुटला तरी वीसच्या वीस तुमच्या गळ्यात मारीन."

"मारा. पण मोजायला तुम्हीही या."

तो आला. काहीतरी लबाडी पकडता येईल अशा आशेने आला आणि पिंपाशेजारी उकिडवा बसला. नवऱ्याने एका लांब फळीवर दिवे बसवले होते. दहा दिवे लावून तासभर चालवलं, आठ मापं लागली. वीस लावून चालवलं, दहा लागली. शेडमध्ये भट्टीसारखी धग झाली. दुकानदाराचा सदरा पाठीला चिकटला.

"म्हणजे दहा दिव्यांना दोन मापं," सून म्हणाली. तिने कोळशाने पत्र्यावर लिहिलं. "पाच दिव्यांना एक."

"बरं मग?" दुकानदार.

"मग तुमचा बाटल्यांचा फ्रिज आणा."

फ्रिज हातगाडीवरून आला, कुरकुरत आला. त्याला तासाला एक माप लागलं. म्हणजे पाच दिव्यांएवढं. दुकानदार पत्र्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आज ऊन जास्त आहे. म्हणून पितोय तो."

सुताराचं रंध्याचं मशीन आणणं शक्य नव्हतं. तार त्याच्या एकट्याकडे जोडून ठेवली आणि त्याला तासभर फळ्या तासायला सांगितल्या. रंधा लाकडात शिरला की इंजिनाचा आवाज खाली बसायचा, ते शेडमध्ये सगळ्यांना ऐकू येत होतं. रिकाम्या इंजिनाची सहा सोडून पाच मापं वर लागली. पंचवीस दिव्यांएवढी.

त्या दिवशी इंजिनवाला चहा पिताना पहिल्यांदा स्वतःहून बोलला. "म्हणजे सुतार पंचवीस दिवे जाळतो आणि देतो एकाचे."

"हो. आणि शिंपीण मावशी एक दिवा जाळते आणि देते तेवढेच."

"मग सुताराला सरळ चार हजार लाव!"

"बाबा, तसं कसं लावायचं? तो रंधा रोज दोनच तास चालवतो."

मग ती हिशेबाला बसली. एक माप डिझेल पाचला पडतं. रिकाम्या इंजिनाची सहा मापं, चार तास, तीस दिवस, सगळे मिळून तीन हजार सहाशे. ते कुणा एकाचे नाहीत. पहिला दिवा लागायच्या आधीच ते लागतात, म्हणून सगळ्यांनी सारखे वाटून घ्यायचे. वरचं ज्याने जाळलं त्याने द्यायचं. एका दिव्याचे महिन्याला एकशेवीस, रंध्याचे तासाला पंचवीस.

"आणि इंजिनाचं तेल, पट्टा, सुटे भाग?" तिने विचारलं.

"पकड दोन हजार," इंजिनवाला म्हणाला.

"आणि तुमची दोघांची मजुरी?"

तो चपापला. "घरच्या कामाला कसली मजुरी?"

"मग तीच खोट येते ना बाबा. सुतार दाराची मजुरी घेतो की नाही? मावशी शिलाई घेते की नाही?"

तो पंच्याने बोटांतलं तेल पुसत राहिला. स्वतःच्या अंगमेहनतीचा आकडा सांगायला त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. शेवटी दुसरीकडे बघत म्हणाला, "चौदाशे फार होतील का?"

"दोघांचे? कमीच होतात," सून म्हणाली आणि तिने चौदाशे मांडले.

सगळं मिळून सात हजार सामायिक. पंचवीस ठिकाणांत दोनशे ऐंशी प्रत्येकी. त्यात एका दिव्याचे एकशेवीस मिळवले तर चारशे. म्हणजे एक दिवा लावणाऱ्याला जुनाच दर. तिने दोनदा मांडून पाहिलं आणि मग तिला हसू आलं.

आता एकच पडताळा उरला होता. वस्तीतले दिवे नवऱ्याने घरोघर मोजून आणले होते, पस्तीस. त्यांची सात मापं, फ्रिजचं एक, रंध्याची पाच आणि इंजिनाची स्वतःची सहा. एकोणीस व्हायला हवीत. संध्याकाळी सगळं चालू असताना पहिल्या तासानंतर इंजिन जरा थांबवायचं आणि मोजायचं, असं ठरलं.

मोजली. वीस भरली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली. वीसच.

"एक माप जास्त," सून म्हणाली.

"गळत असेल," नवरा म्हणाला. त्याने नळी, टाकी, वायसर सगळं कोरड्या फडक्याने पुसून बघितलं. फडकं कोरडंच राहिलं.

"गळत नाहीये," इंजिनवाला दात आवळून म्हणाला. "कोणीतरी आकडा टाकलाय. पाच दिवे चोरून जळतायत. आणि वर मला चोर म्हणतात!"

तिसऱ्या दिवशी दिवे लागल्याबरोबर तो काठी घेऊन तारेखालून निघाला. मागे मुलगा, त्याच्या मागे सून. शेड मात्र सासूच्या भरवशावर. प्रत्येक खांबाशी थांबून तो वर बघायचा आणि पुढे जायचा. शिंपिणीच्या घराजवळ आला आणि थबकला. एकटी बाई, पोटापुरती शिलाई, घरात एकच दिवा नोंदलेला. पण खिडकीतून दोन दिवे दिसत होते. लखलखीत, शेजारी शेजारी.

"ही बघ!" तो म्हणाला आणि दार न वाजवताच आत शिरला.

शिंपीण मशीनवर वाकली होती. दचकून तिने चाक हाताने धरलं. इंजिनवाल्याने बोट दाखवलं आणि ते तसंच राहिलं. एका दिव्यामागे भिंतीला तिने मोठा आरसा टेकवून ठेवला होता. दुसरा दिवा आरशातला होता.

"काय झालं?" शिंपिणीने विचारलं.

तिने काठीकडे बघितलं, मागे उभ्या मुलाकडे बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं.

"दुसरा दिवा परवडत नाही, भाऊ," ती म्हणाली. "डोळे गेले तर शिवणार कशी, म्हणून आरसा लावला. त्याचेही पैसे द्यायचे असतील तर सांगा."

इंजिनवाल्याचं बोट खाली आलं. "नाही मावशी... चूक झाली," असं सून म्हणाली, तो नाही. तो काठी दोन्ही हातांनी धरून पायऱ्या उतरला. उतरताना एका पायरीवर चुकला, मुलाने दंड धरला, तो त्याने झटकला.

तिघे परत फिरले. वळणावर आल्यावर सून थांबली. समोर त्यांचं घर होतं. ओसरीत दिवा, माजघरात दिवा, चुलीपाशी दिवा, गोठ्यात दिवा, आणि शेडच्या दारावर एक.

तिने बोटं दुमडली. पाच.

"अहो," ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "आपले दिवे यादीत लिहिले होते का?"

"आपले कशाला लिहू? आपली तार तर सरळ डायनॅमोवरून..." तो बोलता बोलता थांबला.

इंजिनवाल्याने ऐकलं होतं. मोठ्याने बोललेलं त्याला कधीकधी ऐकू येत नसे, पण हे आलं. तो तिथेच वाटेच्या कडेला दगडावर बसला. इंजिनाचा आवाज इथपर्यंत येत होता, एका लयीत.

"अठरा वर्षं," तो म्हणाला.

"बाबा, मुद्दाम थोडंच केलं?"

"मुद्दाम नाही. पण जळलं ना." थोड्या वेळाने म्हणाला, "कोणाला कळलेलं नाही अजून."

सुनेला हो म्हणवेना, नाही म्हणायचं तर समोर सासरा.

"आपलं घर सव्विसावं धरलं तर काय होतं?" त्याने विचारलं.

तिने तोंडी मांडलं. "सात हजार भागिले सव्वीस. दोनशे सत्तरच्या आत. म्हणजे एका दिव्याला तीनशे नव्वद. जुन्या दरापेक्षा दहा कमी."

"आणि आपल्याला?"

"आठशे सत्तर."

"सुताराच्या खालोखाल का?"

"नाही, दुकान आहे मध्ये. फ्रिज आणि दोन दिवे मिळून अकराशे दहा."

त्याने काठी टेकून उठायचा प्रयत्न केला. या वेळी मुलाने हात दिला तेव्हा धरला.

रविवारी सकाळी दुकानाच्या कट्ट्यासमोर सगळे जमले. सुनेने कोळशाने लिहिलेला पत्राच नवऱ्याकडून उचलून आणवला होता. सगळ्यांची अपेक्षा होती, इंजिनवाला तावातावाने सुरुवात करेल. तो पुढे आला आणि म्हणाला, "आधी एक सांगायचंय. माझ्या घरचे पाच दिवे आजवर तुमच्या पैशात जळत होते. मला ते दिसलं नाही. सुनेने मोजलं तेव्हा दिसलं. आणि मी परवा मावशींच्या घरात काठी घेऊन शिरलो. त्याची माफी सगळ्यांसमोर मागतो."

शिंपीण मागे बायकांमध्ये उभी होती. तिने पदर नीट केला आणि मान खाली घातली. थोड्या वेळाने म्हणाली, "हिशेब सांगा आधी. उन्हं चढतायत."

त्यावर कोणीतरी हसलं आणि ताण सैल झाला.

सुनेने हिशेब सांगितला. इंजिन नुसतं फिरायला किती खातं, ते सगळ्यांचं का, वरचं ज्याचं त्याचं का. दुकानदार साक्षीला होताच. तो नाइलाजाने म्हणाला, "माझ्यासमोर मोजलंय. माझे दिवे होते. एकही फुटला नाही."

रंध्याचा आकडा आला तसा सुतार उसळला. "महिन्याला पंधराशे? वर ते दोनशे सत्तर? मी काय दरवाजे सोन्याचे करतो?"

"दोन तास चालवलात तर पंधराशे," सून म्हणाली. "एक तास चालवलात तर साडेसातशे. मशीन नुसतं फिरत ठेवून तुम्ही फळी शोधायला जाता ना, ते बंद केलंत तर किती होतील ते तुम्हीच बघा."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"इंजिनाचा आवाज सांगतो. लाकूड नसतं तेव्हा तो वर चढतो."

इंजिनवाला एकदम हसला. सुतार रागावूनच घरी गेला. पण चार दिवसांनी संध्याकाळी शेडमध्ये फरक कळला. रंधा सुरू होण्याआधी फळ्या रचल्याचा खटखट आवाज यायचा, मग सलग तासभर मशीन, आणि एकदम बंद. महिनाअखेर त्याचे तीस तास भरले. त्याने पैसे नवऱ्याच्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "तुझ्या बायकोला सांग, रंध्याचं पातंसुद्धा कमी झिजलं." एवढंच.

त्या महिन्यात पहिल्यांदा डिझेलचे निघाले, तेलाचे निघाले, आणि चौदाशे वेगळे बाजूला राहिले. सासूने घरातला चुलीपाशी लागणारा दिवा सोडून माजघरातला काढून टाकला. "रिकाम्या खोलीला उजेड कशाला? एकशेवीस देतो आपण," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, जणू हिशेब तिनेच काढला होता.

मग ओढ्यापलीकडची पाच घरं आली. त्यांनी पूर्वी दोनदा तार मागितली होती आणि इंजिनवाल्याने दोन्ही वेळा इंजिनावर ताण येईल म्हणून परत पाठवलं होतं. या वेळी ती माणसं सरळ सुनेकडे गेली. "आम्ही एकेकच दिवा घेऊ. आम्हाला काय पडेल?"

ती हिशेब करायला बसली आणि मधेच उठून सासऱ्याकडे शेडमध्ये गेली.

"बाबा, पाच दिव्यांचं एकच माप वाढतं. आणि सामायिक सात हजार मात्र एकतीस घरांत वाटले जातात. दोनशे सव्वीस."

"म्हणजे?"

"म्हणजे एका दिव्याला तीनशे शेहेचाळीस. त्यांनाही, आणि इथल्या सगळ्यांनाही."

"माणसं वाढली की दर उतरतो?" त्याला ते उलटंच वाटलं. त्याने तिला पुन्हा सांगायला लावलं. मग बाहेर येऊन पलीकडच्या माणसांना विचारलं, "खांब आहेत का?"

खांब नव्हते. पण दर उतरणार ही बातमी दुकानातून दुपारपर्यंत सगळीकडे गेली आणि दुकानदार स्वतः पहार घेऊन ओढ्यावर हजर झाला. सुताराने चार वासे दिले, ते फुकट नाहीत असं बजावून दिले. तीन दिवस खड्डे खणणं चाललं. जमीन मुरमाड होती. पहार आपटली की मनगटापर्यंत झिणझिण्या यायच्या. नवरा खांबावर चढून तार ओढत होता आणि खालून शिंपिणीसकट सगळे त्याला सल्ले देत होते.

तार जोडली त्या संध्याकाळी इंजिनवाला शेडमध्ये उशिरापर्यंत घुटमळत होता. तेल बघितलं, पट्टा बघितला, पिंपातल्या पाण्यात बोट बुडवलं. मग हँडल सुनेच्या हातात दिलं.

"तू चालव आज. मी पलीकडे जाऊन बघतो, ताण येतोय का."

"पलीकडून ताण कसा दिसेल?"

"दिसेल," तो म्हणाला आणि निघून गेला.

तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याने खांदे उडवले. तिने खिट्टी वर केली, पाय रोवले आणि हँडल फिरवलं. पहिल्यांदा जोर कमी पडला. दुसऱ्यांदा वेग आला, तिने खिट्टी सोडली आणि हात झटकन मागे घेतला. इंजिन खाकरलं, धूर आला, सूर लागला. नवऱ्याने बटण दाबलं.

अर्ध्या तासाने इंजिनवाला परत आला. धोतराचा काठ ओढ्यात भिजलेला. शेडच्या दारात तो नुसता उभा राहिला.

"काय हो, लागले का पाचही?" मुलाने ओरडून विचारलं.

"लागले. पण ते नाही." त्याने हाताने मागे, वस्तीच्या दिशेने दाखवलं. "इकडचं दिसतं तिथून. सगळं. अठरा वर्षं रोज या वेळेला मी ह्या शेडमध्ये. दिवे लागताना कधी बघितलेच नव्हते मी."

तो आत आला, पट्ट्यापासून अंगावरचा पंचा सावरत स्टुलावर बसला आणि सुनेला म्हणाला, "उद्या तू जा पलीकडे. इंजिन मी बघतो."